उशेब्ती: बाहुली, गुलाम की ‘ओ देणारा’?

तिरफळ

मुलांच्या मासिकासाठी तुतानखामुनच्या थडग्यावर लेख लिहायला घेतलाय. मुखवटा, रथ, पलंग, सोंगट्यांचे पट यांचं काही अडत नाही, मराठीत शब्द आहेत. गाडी अडलीय ती छोट्या मूर्तींपाशी. हॉवर्ड कार्टरने १९२२ मध्ये शोधलेल्या त्या एका थडग्यात अशा ४१३ मूर्ती निघाल्या. कुणी त्यांना ‘शब्ती’ लिहितं, कुणी ‘शवाब्ती’, कुणी ‘उशेब्ती’. मराठीत मी ‘बाहुल्या’ वाचलंय, ‘गुलामांचे पुतळे’ही वाचलंय. यातलं बरोबर काय? आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांना कळेल असा आपला शब्द कोणता?

खडूफळा

‘बाहुली’ नकोच. बाहुली खेळायची असते, या मूर्तींशी कोणी खेळत नव्हतं. ‘उशेब्ती’च्या मुळाशी ‘वेशेब’ हे इजिप्शियन क्रियापद सांगतात, अर्थ ‘उत्तर देणे’. तेव्हा ‘उत्तरक’ किंवा ‘उत्तरदाता’ असा सरळ प्रतिशब्द करता येईल.

‘शवाब्ती’ मात्र मला आपल्या ‘शव’ शब्दाशी जुळणारा वाटतो. मृताजवळ ठेवायची वस्तू, म्हणून शव. यात काही तथ्य असेल का?

पाणकणीस

सर, ‘शव’ सोडून द्या. इजिप्शियन भाषेचं कुळ वेगळं, ती अरबी-हिब्रूच्या लांबच्या भावकीतली. नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावायचं तर रोज दहा नाती लागतील. ‘शवाब्ती’चा संबंध काही अभ्यासक ‘शवाब’ नावाच्या झाडाशी लावतात. गंमत म्हणजे हे झाड आपल्या बकुळीच्याच प्रजातीतलं, मिमुसॉप्स. देर अल-मदिना या थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत रामसेस राजांच्या काळात हे रूप विशेष चाललेलं दिसतं. पण झाडाची व्युत्पत्तीही सर्वांना मान्य नाही.

तिरफळताई, ही एकाच शब्दाची तीन स्पेलिंगं नाहीत, हे आधी लक्षात घ्या. जुनं रूप ‘शब्ती’. ‘उशेब्ती’ बरंच उशिरा, एकविसाव्या राजवंशापासून रूढ झालं, म्हणजे तुतानखामुननंतर तीनेकशे वर्षांनी. तोवर मूळ शब्दाचा अर्थ लोकांच्या डोक्यातून गेला असावा आणि त्यांनी जवळचा, कळणारा ‘वेशेब’ त्याला जोडला असावा. म्हणजे खुद्द इजिप्शियनांनीच केलेली लोकव्युत्पत्ती. तुमच्या लेखात तुतानखामुन आहे, तेव्हा काटेकोर राहायचं तर ‘शब्ती’ लिहा. मी इथे चर्चेच्या सोयीसाठी ‘उशेब्ती’ म्हणतो, कारण शीर्षकात तुम्ही तेच घेतलंय.

‘उत्तरक’ अर्थाने जवळचा आहे, पण चुकीच्या दाराने शिरतो. उत्तर म्हटलं की मुलांना प्रश्नपत्रिका आठवणार. इथे प्रश्न कोणी विचारत नाही. इथे हाक आहे, पुकारा आहे. मूर्तीच्या अंगावर आडव्या ओळींत जो मंत्र कोरतात (मृतांच्या ग्रंथातला सहावा) त्याचा मतलब असा: हे शब्ती, मृतांच्या राज्यात अमक्याला कामासाठी पुकारलं, शेतं लागवडीखाली आणायला, काठच्या जमिनीत पाणी खेळवायला, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहून न्यायला, तर तू म्हणायचंस, ‘मी करतो, हा मी हजर आहे.’

याला मराठीत उत्तर देणं म्हणत नाहीत. याला ‘ओ देणं’ म्हणतात.

तिरफळ

‘ओ देणारा’! हे पोरांना लगेच कळेल. पण दुसरा प्रश्न तयार झाला. राजाला मेल्यावर कुदळ कशाला मारायला लागेल? स्वर्गात पण शेती?

पाणकणीस

शेतीच. त्यांच्या परलोकाला ‘सेखेत इआरू’ म्हणतात, बोरूचं किंवा वेताचं शेत. मृतांचा देव ओसिरिस, त्याच्या दरबारात हृदय तराजूत घालून, सत्याची देवता मात हिच्या पिसाशी तोलून पास झालात की तिथे प्रवेश. म्हणजे नाईलचं खोरंच, फक्त दुष्काळ नसलेलं. मृतांच्या ग्रंथात तिथल्या पिकाची मापंसुद्धा आहेत: जव पाच हात उंच, त्यात कणीस दोन हात आणि ताट तीन हात. खपली गहू त्याहून उंच, सात हात. (इथे ‘हात’ हा शब्द बिनधास्त वापरा. त्यांचं माप कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचंच होतं, मीटरमध्ये घालून त्याची चव घालवू नका.)

देर अल-मदिनातल्या सेन्नेद्जेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात या शेताचं चित्र आहे. तो पुढे बैलांमागे नांगर धरून, बायको मागून बी टाकत. दोघंही पांढऱ्याशुभ्र तागाच्या कपड्यांत, डोळ्यात काजळ, एका थेंबाचा चिखल नाही. चित्र काढताना हौस होती, प्रत्यक्षात मात्र कुणालाही ते काम करायचं नव्हतं. कारण पीक कितीही उंच असलं तरी तिथे बोलावणं यायचं ते सरकारी कामासारखंच: नाव पुकारलं की जायचं, मजुरी नाही, नाही म्हणायची सोय नाही.

जुनी गिरणी

मग हा बदली कामगार की हो! आमच्या गिरणगावात कायमचा माणूस खाड्यावर असला की त्याच्या मागावर बदली उभा राहायचा. सकाळी गेटवर जायचं, कोण आला नाही बघायचं, जॉबरने बोलावलं तर आत. ‘परलोकातला बदली’ लिहा, आमच्याकडच्या पोरांना समजावून सांगायला नको.

पाणकणीस

गिरणीकाका, हा शब्द मला ‘उत्तरका’पेक्षा जवळचा वाटतो, आणि सुरुवातीच्या काळाला तर चपखल बसतो. अकराव्या राजवंशात, इसवी सनापूर्वी दोन हजारांच्या आसपास, देर अल-बहरीला राजा मेंतुहोतेपच्या घरातल्या स्त्रियांच्या पुरण्यांत मेणाच्या चिमुकल्या आकृत्या मिळाल्या. तागात गुंडाळलेल्या, छोट्या शवपेटीत निजवलेल्या. त्या नोकर नव्हत्या. ती मृत व्यक्तीची स्वतःचीच प्रतिमा होती, शरीराला दगाफटका झाला तर असावी म्हणून. पुढे या प्रतिमेच्याच गळ्यात काम पडलं.

म्हणून राजांच्या मूर्तींत एक अजब प्रकार दिसतो. तुतानखामुनच्या शब्तींना तोंड खुद्द त्याचं आहे. कुणाच्या डोक्याला निळा मुकुट, कुणाच्या लाल, कुणाच्या पांढरा, कुणाला नेमेस म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं डोक्याचं वस्त्र, कपाळावर नाग. आणि सोबत तांब्याची, लाकडाची इवलीइवली अवजारं, कुदळी, जू, पाट्या, अठराशेच्या वर. एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात कुदळ असलेल्या माणसाला ‘गुलाम’ कसं म्हणणार? ब्रिटिश म्युझियममध्ये अह्मोस पहिल्याची चुनखडकातली शब्ती आहे, राजाची म्हणून ओळखता येणारी ती सगळ्यात जुनी. तिच्याकडे बघून कोणालाही राजाच वाटेल, गडी नाही.

अर्धपोट

मला हे जरा गोड करून सांगितल्यासारखं वाटतंय. आधी राजासोबत नोकर मारून पुरायचे, मग दया आली म्हणून मूर्ती ठेवायला लागले, असं सरळ आहे ना? मग ‘गुलाम’ म्हणायला लाज कसली?

पाणकणीस

तितकं सरळ नाही. अबिदोसला पहिल्या राजवंशातल्या जेर राजाच्या थडग्याभोवती तीनशेहून अधिक दुय्यम कबरी आहेत, आणि त्यातले पुष्कळ जण राजासोबत मारले गेले असावेत हे खरं. पण ती चाल त्या राजवंशाबरोबरच संपली. त्यानंतर पिरॅमिडं झाली, ती बांधणारं राज्य मोडलं, मध्ये आठेकशे वर्षं गेली, आणि मग या मेणाच्या आकृत्या आल्या. ‘माणसाऐवजी मूर्ती’ ही गोष्ट सांगायला सुटसुटीत आहे, पण मधल्या आठशे वर्षांचं काय करायचं ते ती सांगत नाही.

मधल्या काळात थडग्यांत पीठ मळणारी बाई, दारू गाळणारा गडी अशा मूर्ती असत. त्या खरंच नोकरांच्या. पण त्यांना उशेब्ती म्हणत नाहीत. त्यांचं काम राबणं, उशेब्तीचं काम राजाच्या नावाने ओ देऊन मग राबणं. लेखात या दोन्हींचे फोटो एकत्र छापू नका, ही चूक फार ठिकाणी दिसते.

तुमचा मुद्दा मात्र पूर्ण सोडत नाही. एकविसाव्या-बाविसाव्या राजवंशात उशेब्ती खरोखर गुलाम झाल्या, आणि तसं लिहूनही ठेवलंय. ब्रिटिश म्युझियममधल्या एका पपायरसवर विक्रीची पावती आहे. आमोनच्या देवळातला ताईत बनवणारा कारागीर शपथेवर सांगतो की ३६५ उशेब्ती आणि त्यांचे ३६ मुकादम, एकूण ४०१, यांची चांदी मला पोचली, माझं समाधान झालं. मग तो मूर्तींनाच बजावतो: दाम मिळालाय, आता या मृताच्या कामाला चला, हाक आली की हजर म्हणा. तिथे त्यांना चक्क दास आणि दासी म्हटलंय.

त्याच काळातल्या नेस्खोन्स नावाच्या उच्चपदस्थ स्त्रीसाठी तर आमोन देवाकडून फर्मान काढून घेतलं. लाकडी फळ्यांवर लिहिलंय: उशेब्ती करणाऱ्याला पैसे चुकते केलेत, तेव्हा त्यांनी तिची कामं केलीच पाहिजेत. पावती, वर देवाचा शिक्का. मेल्यावर कोणी ‘माझे पैसे बाकी आहेत’ म्हणून काम अडवू नये याची केवढी काळजी! मला या दोन कागदांइतकं त्या श्रद्धेविषयी दुसरं काहीच बोलकं वाटत नाही. सोन्याचा मुखवटा त्यापुढे फिका.

खडूफळा

‘शव’ मागे घेतो, पण आता जो शब्द सांगतो तो घट्ट धरून ठेवा. पुकारलं की जायचं, मजुरी नाही, नकार नाही: याला आपल्याकडे ‘वेठ’ म्हणतात. संस्कृतात ‘विष्टि’. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत गाव दान देताना त्याला सर्व विष्टींतून माफी दिल्याचं लिहिलेलं असतं. आज आपण संपाने प्रवाशांना वेठीस धरलं एवढंच म्हणतो आणि मूळ अर्थ विसरतो. ‘बिगार’ फारसीतून आला, पुढे दोन्ही चिकटून ‘वेठबिगार’. माझ्या मते उशेब्ती म्हणजे ‘वेठीचा बदली’. गिरणीकाकांचा शब्द आणि माझा, दोन्ही राहिले.

पाणकणीस

सर, याच शब्दाची मी वाट बघत होतो. इंग्रजीतून मराठी करणारे इथे ‘सक्तीचे श्रम’ लिहितात आणि वाक्य सरकारी परिपत्रक होऊन जातं.

आणि ताम्रपटाचं जोडीदार तिकडेही आहे. पेपी दुसऱ्याच्या नावची कोप्तोसची फर्मानं दगडावर कोरलीत, मिन देवाच्या देवळातल्या माणसांना राजाच्या वेठीतून मोकळं करणारी. त्याहून मोठं म्हणजे सेती पहिल्याचं नाउरीचं फर्मान, इजिप्तच्या दक्षिणेला लागून असलेल्या नूबियातल्या एका खडकावर. अबिदोसच्या आपल्या देवळाच्या माणसांना कोणी अधिकाऱ्याने नांगरणीच्या किंवा कापणीच्या वेठीसाठी उचलून नेलं, तर त्या अधिकाऱ्याला दोनशे फटके, पाच उघड्या जखमा, आणि नेलेल्या माणसाचे जितके दिवस बुडाले तितक्या दिवसांचं काम त्याच्याकडून वसूल. आता जोड लावून बघा. ज्या राजाने जिवंतपणी वेठीविरुद्ध इतका कडक कायदा खडकावर कोरला, त्याच सेतीने मेल्यावरची वेठ चुकवायला सातशेहून अधिक मूर्ती बरोबर नेल्या. वेठ म्हणजे काय असते हे राज्य चालवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

पळून जाणारेही होते. ब्रुकलिन म्युझियममधल्या एका पपायरसवर वेठ टाळून पळालेल्यांची यादी आहे, आमेनेमहात तिसऱ्याच्या काळातली. नाव, गाव, आणि घरच्यांचं काय केलं त्याची नोंद. परलोकातून कुठे पळणार, म्हणून मूर्ती.

जुनी गिरणी

पावतीत ‘मुकादम’ म्हणालात ते तुमच्या पदरचं की मूळचं?

पाणकणीस

मूळ शब्द ‘दहांचा थोरला’ असा आहे, त्याला मराठीत मुकादमच म्हणायचं, दुसरं काय? वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाला एक गडी, दर दहांवर एक मुकादम, म्हणून ३६. तुतानखामुनच्या थडग्यात वर आणखी बारा, महिन्याला एक. मिळून तुमचे ४१३. त्यांचं वर्ष तीस दिवसांचे बारा महिने आणि वरचे पाच दिवस असं होतं, ते पाच दिवससुद्धा कोणी मोकळे सोडले नाहीत.

मुकादम ओळखायला सोपा. बाकीचे ममीसारखे गुंडाळलेले, छातीवर हात, पाठीवर बियांची पिशवी. हा मात्र पुढे त्रिकोणी टोक आलेला, जिवंत माणसाचा कमरेचा कपडा नेसतो आणि हातात चाबूक. उत्खननवाले त्याला ‘रईस’ उशेब्ती म्हणतात, कारण इजिप्तमध्ये आजही मजुरांच्या टोळीच्या म्होरक्याला ‘रईस’ म्हणतात. तोच अरबी शब्द उर्दूतून आपल्याकडे आला आणि बड्या घरचा श्रीमंत होऊन बसला. भाषांतर करताना ‘श्रीमंत उशेब्ती’ करून ठेवू नका एवढ्यासाठी सांगितलं.

सगळ्या राजांनी हा हिशेब पाळला असं मात्र नाही. नूबियातून येऊन इजिप्तवर राज्य करणारा तहार्का. सुदानमधल्या नुरीला त्याचा पिरॅमिड रायस्नर या पुरातत्त्वज्ञाने खणला तेव्हा दगडाच्या १०७० उशेब्ती निघाल्या. तिथे ३६५चं गणित लागतच नाही. उलट अखेनातेनचं बघा. ओसिरिस नको, जुना परलोक नको म्हणणारा राजा, पण शब्ती त्यालाही सुटल्या नाहीत. फक्त त्यांवर तो सहावा मंत्र नाही, नुसतं नाव आणि बिरुदं.

अर्धपोट

बरं, पावती वाचून ‘गुलाम’ काही काळापुरता बरोबर होता एवढं पदरात पडलं. एक साधी शंका. त्या निळ्या चकचकीत मूर्ती चिनीमातीच्या असतात ना?

पाणकणीस

नाही. चिनीमाती म्हणू नका, त्यात माती जवळपास नसतेच. गारगोटीची पूड, थोडा चुना, खार, आणि रंगाला तांबं. साच्यात दाबून भाजलं की वरती आपोआप काच येते. इंग्रजी-फ्रेंच ‘फायन्स’ हे नाव इटलीतल्या फाएन्झाच्या भांड्यांवरून चुकून चिकटलंय. इजिप्शियन शब्द ‘त्जेहेनेत’, लखलखणारं. तुम्हाला ‘निळी झिलई दिलेली गारगोटीची मूर्ती’ एवढं पुरे. देर अल-बहरीच्या लपवलेल्या साठ्यातल्या, एकविसाव्या राजवंशाच्या काळातल्या पहिल्या पिनेद्जेमच्या मूर्ती बघा, इतका दाट निळा की शाई सांडल्यासारखा, आणि वर काळ्या रेघांनी लिहिलेलं. तुतानखामुनच्या लाकडाच्याही पुष्कळ आहेत, त्यातल्या पाच नख्तमिन नावाच्या सेनापतीने आहेर म्हणून दिल्या. खजिनदार मायानेही आपली भेट दिली. राजाच्या वेठीला दरबाऱ्यांनी आपल्या पदरचे गडी पाठवायचे, हे तिथेही चुकलं नाही.

तिरफळ

लेखासाठी असं लिहिलंय, तपासा: ‘राजाच्या थडग्यात ४१३ शब्ती होत्या. शब्ती म्हणजे राजाच्या रूपातली छोटी मूर्ती. परलोकात राजाला वेठीला बोलावलं, तर त्याच्या नावाने ओ देऊन शेतावर जायचं हे तिचं काम. दर दहा शब्तींवर एक मुकादम.’ ‘वेठ’ला चौकटीत अर्थ देते.

‘बदली’ गाळलाय, काका रागावू नका. आजची मुलं बदली म्हटलं की बाबांची नागपूरला झालेली बदली समजतील.

एक राहिलं. ती शब्ती की तो शब्ती? आणि अनेकवचन?

जुनी गिरणी

रागावतोय कशाला. गिरण्याच राहिल्या नाहीत तर बदली कुठला.

खडूफळा

मूर्ती स्त्रीलिंगी, शेवट ईकारान्त, तेव्हा ‘ती शब्ती’. पुरुषाची आकृती आहे म्हणून पुल्लिंगी करायची गरज नाही, विठ्ठलाची मूर्तीसुद्धा ‘ती’च असते. अनेकवचन ‘मूर्ती’प्रमाणे ‘शब्ती’च ठेवा. ‘शब्त्या’ चालेल, पण मुलं त्याचं टोपणनाव करतील.

मुकादम मात्र ‘तो’. शिवाय दर दहा ‘गडी’ शब्तींवर एक मुकादम असं करा, नाहीतर मुकादमही शब्तीच आहे हे कळणार नाही.

तिरफळ

केलं. ‘गडी शब्ती’ आणि ‘मुकादम शब्ती’. चित्रकाराला मुकादमाच्या हातात चाबूक आणि अंगावर कमरेचा कपडा काढायला सांगते, त्याने सगळ्यांनाच गुंडाळून ठेवलं होतं.